हिर्डोशीला मी ओटीपी आणायला गेले

चहा टाकलाय, तोवर बसा. पाऊस नसतानाही मी बाजारात छत्री तोंडासमोर धरून का चालते, असं विचारलंत ना? मग ऐकाच. माझ्या हातून जो घोळ झालाय, तो भोरात एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे. पण प्रत्येक जण आपल्या पदरचं घालून सांगतो. मूळ माल माझ्याकडे आहे.

मी रिटर्न भरून देते, हे तुम्हाला माहीत आहे. एसटी स्टँडच्या मागं एक खोली, एक लॅपटॉप आणि पावसाळ्यात कागद न ओढणारा एक प्रिंटर. जून संपला की माणसं यायला लागतात आणि जुलै संपेपर्यंत मी माणसात नसते. आमचे हे शाळेत क्लार्क होते, आता निवृत्त आहेत. जुलैत स्वयंपाक तेच करतात, डबा आणून देतात आणि माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

टॅक्स म्हणजे आकडेमोड, असं लोकांना वाटतं. छे हो. आकडे बिचारे गप्प बसतात, त्रास माणसांचा असतो.

एक जण येतो. "मॅडम, शेजारच्या गुरुजींना रिफंड आला. मला का न्हाई?"

"कारण त्यांचा टॅक्स कापला होता. तुमचा कापलाच नाही."

"मग थोडा तरी?"

दुसऱ्याला पासवर्ड विचारावा, तर तो म्हणतो, "तुमीच ठेवलावता की गेल्या साली." तिसऱ्याच्या फोनवर ओटीपी येतो आणि तो फोन छातीशी धरून बसतो, कारण बँकेनं सांगितलंय, कुणाला सांगायचा नाही. म्हटलं, बाबा, मग तू स्वतः टाइप कर. तो चष्मा शोधतो, चष्मा पुसतो, एक एक आकडा दाबतो, आणि सहावा आकडा दाबेपर्यंत ओटीपी मरून गेलेला असतो. मग पुन्हा पहिल्यापासून. एकानं तर सगळे कागद आणा म्हटल्यावर कुत्र्याला इंजेक्शन दिल्याचं कार्डसुद्धा आणलं होतं.

आणि उत्पन्न विचारलं की सगळ्यांचे चेहरे एकसारखे पडतात. दुकान? ते नुसतं उघडं असतं, मॅडम. टेम्पो? तो दारात उभाच असतो. खोल्या भाड्यानं दिल्यात ना? त्या पाव्हण्यांना दिल्यात, फुकट. भोरपासून वेल्ह्यापर्यंत सगळे फुकटच राहतात, असं माझ्या फायलींवरून वाटेल.

त्यामुळं झालंय काय, माझं तोंड फटकळ झालंय. माणूस समोर बसला की मी नमस्कार-चमत्कार करत नाही. थेट सुरू. पगार किती? घर कुणाच्या नावावर? शेती किती, पिकतं काय? कर्ज आहे का? भाडं येतं का? दुसरा काही धंदा? लपवू नका, मला नंतर कळतंच. हे प्रश्न मी झोपेतही विचारते, असं आमचे हे म्हणतात. आता हेच प्रश्न आपल्याकडं आणखी कोण विचारतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं की नाही? नाही आलं.

तर त्या जुलैत एक रिटर्न अडकलं होतं. अमोल नावाचा मुलगा, हिर्डोशीचा, शिरवळला कंपनीत नोकरीला. गुणी पोरगा. कागद सगळे वेळेवर पाठवलेले, फॉर्म भरून तयार. अडलं ते ओटीपीवर. अमोलचं आधार काढलं तेव्हा तो शाळेत होता आणि घरात फोन एकच, वडिलांचा. तोच नंबर आधारला, तोच बँकेला, तोच सगळीकडं. म्हणजे ओटीपी जाणार वडिलांच्या फोनवर, आणि वडील राहणार हिर्डोशीत. तिथं रेंज नाही. रेंज येते ती घाटाकडं जाताना एका वळणावर. लावणीच्या दिवसांत तिथवर फोन घेऊन कोण जातंय? तो फोन तेव्हा घरात बॅटरी म्हणून वापरात होता.

मी रोज ओटीपी पाठवत होते आणि तो रोज वाया जात होता. शेवटची तारीख डोक्यावर आलेली. शेवटी मी वैतागून अमोलला म्हटलं, "मीच जाते उद्या तुझ्या घरी. तसंही वरच्या दोन-तीन जणांच्या सह्या राहिल्यात. फक्त आई-वडिलांना कळव."

"कळवतो मॅडम. यष्टीच्या कंडक्टरकडं निरोप देतो."

त्यानं दिला. पण त्या संध्याकाळी रस्त्यावर झाड पडलं आणि एसटी अर्ध्यातून मागं फिरली. निरोप कंडक्टरच्या खिशातच राहिला. हे मला कळलं आठवड्यानं.

आता पुढची गोष्ट मी तुम्हाला आधीच सांगून टाकते. मला ती कुणी आधी सांगितली नाही, निदान तुमचा तरी गोंधळ नको. अमोलसाठी मुली बघणं चाललं होतं. चाललं होतं म्हणजे काय, कितीतरी वर्षं चाललंच होतं. डोंगरात राहणाऱ्या मुलाला मुलगी देताना लोक शंभर वेळा विचार करतात, हे आपण सगळे जाणतो. स्थळ येतं, रस्ता बघतं आणि रस्त्यातूनच परत जातं. पण त्या आठवड्यात अमोलच्या मामानं, भाटघरच्या, घरी कळवलं होतं की, खालून एक पाहुणे घर बघायला येणार आहेत, दिवस नक्की नाही, तयारीत राहा.

आणि दारात गाडीतून उतरलो कोण? मी, चांगल्या साडीत, आणि आमचे हे, इस्त्रीच्या शर्टात. हातात बॅग.

अमोलचे वडील बबनराव पुढं आले. कपाळाला गुलाल लावायचाच बाकी ठेवला, इतका आनंद. "या, या. पाव्हणं, पाय धुवा."

मी म्हटलं, "निरोप मिळाला ना?"

"मिळाला की. वाटच बघतुया."

झालं. निरोप मिळाला म्हटल्यावर मी कशाला सांगत बसू, मी कोण ते? आणि ते कशाला विचारतील? आपल्याकडं दारात आलेल्या माणसाला कोण, कुठले, कशाला आलात, असं विचारतात का? ते हाकलून दिल्यासारखंच. आधी पाणी, मग चहा, मग खायला. पाहुणा आपण होऊन विषय काढेल तेव्हा काढेल. आणि मी विषय काढायला वेळ लावते का? बुडाखाली खुर्ची आली न आली तोच मी बॅगेतून लॅपटॉप काढला आणि सुरू झाले.

"घर कुणाच्या नावावर?"

"माझ्या. म्हंजी पुढं अमोलचंच. येकुलता हाय."

"शेती?"

"भात हाय, नाचणी हाय. वरचं माळरान पण आमचंच." आणि बबनरावांनी हात असा फिरवला की समोरचा अर्धा डोंगर त्यात आला.

"जनावरं? दूध घालता का?"

"पाच म्हशी हायत. दूध तर काय, घालून घालून दमतो."

"कर्ज?"

"येक रुपाया न्हाई."

"अमोलचा पगार?"

त्यांनी जो आकडा सांगितला तो माझ्याकडच्या कागदाच्या दुप्पट होता. मी चष्म्यावरून पाहिलं. म्हटलं, आईबापांना काय माहीत, ओव्हरटाइम वगैरे धरून बोलत असतील. पगार मी कागदावरूनच घेते, असं म्हणून पुढं गेले. बाकीचं सगळं वडिलांच्या नावावर, म्हणजे अमोलच्या फॉर्ममध्ये त्यातलं काहीच जाणार नव्हतं. तेवढं एक नशीब.

पण मी किती हरखले होते म्हणून सांगू! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी उत्पन्न वाढवून सांगत होतं. मी म्हटलं, "बबनराव, एवढं सगळं असेल तर तुमचंही दाखवावं लागेल हो."

"दाखवा की. बिनधास्त दाखवा."

माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. प्रामाणिक करदाता म्हणतात तो हाच, असं मला वाटलं. मी तोंड भरून त्यांचं कौतुक केलं. "अशी माणसं आता राहिली नाहीत," असंही म्हणाले. बबनरावांनी आत बायकोकडं पाहिलं, आणि आतून कांदेपोहे आले, त्यामागून शिरा आला.

आमचे हे तोवर बबनरावांबरोबर गोठा बघायला गेले. पाच म्हशी होत्या, हे त्यांनी मला नंतर शपथेवर सांगितलं. त्यातल्या तीन मात्र सारख्या दाव्याला ओढत होत्या. त्यांना आपल्या घरी जायचं होतं. शेजारच्या गोठ्यातून सकाळीच आणून बांधल्या होत्या बिचाऱ्या, पाहुणे आज येतील, उद्या येतील म्हणून रोज आणायच्या आणि रोज सोडायच्या.

आत मी आणि अमोलची आई, शालनताई. सकाळी चिखलात लावणी करून आलेली बाई. पायांच्या नखांत अजून माती होती, पण लुगडं नवं नेसली होती, घडीच्या रेघा तशाच. तिनं मला पुन्हा शिरा वाढला आणि हळूच विचारलं, "मुलगी काय करती तुमची?"

बायका बायकांत असं विचारतातच. मी म्हटलं, "पुण्याला शिकते."

"संगं आणायची हुती की."

"तिला कुठला वेळ. आणि ती इकडं कशाला येतेय? रेंज नाही म्हटल्यावर तिला दोन दिवस करमायचं नाही. चिखल बघून तर ती किंचाळते."

शालनताईनं ताटातला पोह्याचा एक दाणा बोटानं उचलला. मग म्हणाली, "चिखलात म्या हाय की. तिनं नगं उतरू. आन् रेंज वळणावर येती. म्या जाईन तिच्यासंगं रोज वळणापतुर. बसंन तितं, तिचं बोलून हुईस्तवर."

आता हे ऐकून माणसाला काही कळायला नको? मला वाटलं, सुट्टीत मुलीला पाठवा म्हणतेय, काय मायाळू बाई. मी म्हटलं, "बघू, दिवाळीनंतर पाठवते." आणि शिरा खाल्ला. ते वाक्य मला अजून आठवतं. 

निघताना तिनं ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. आता सवाष्ण घरी आली की ओटी भरतातच, त्यात मला वावगं काय वाटणार? मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "आता काळजी करू नका. भोरात आलात की स्टँडच्या मागं माझ्याकडं या. काम झालं म्हणून समजा." खरं म्हणजे झालं नव्हतं. ओटीपी राहिला होता.

त्यासाठी बबनरावांना गाडीत घेतलं आणि वळणावर आलो. धुकं, पाऊस, खाली धरणाचं पाणी. मी म्हटलं, "तुमच्या फोनवर एक नंबर येईल, तो मला सांगा."

त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही, कसला नंबर. त्यांचंही बरोबर आहे. हल्ली गॅसला नंबर येतो, रेशनला नंबर येतो. सोयरिकीलाही येत असेल. नंबर आला, त्यांनी धडाधड वाचून दाखवला, मी टाकला आणि रिटर्न गेलं. काम झालं म्हणून मी गाडीतून अंगठा वर केला.

बबनराव फोन कानाला लावून दगडावर चढले. पावसात उभं राहून ते कुणाशी तरी बोलत होते आणि हसत होते. मी ह्यांना म्हटलं, "बघा, रिटर्न भरल्यावर इतका खूश झालेला माणूस पाहिलाय कधी?"

हे म्हणाले, "नाही." आणि गाडी सुरू केली.

तो फोन मामाला होता. पाहुणे येऊन गेले, सगळं पसंत आहे, ओटी घेतली, दिवाळीनंतर मुलगी पाठवतो म्हणाले. भोरची बाई, मुलगी पुण्याला शिकते, हे ऐकून मामाला वाटलं, हे आपण धाडलेले नव्हेत, दुसरंच चांगलं स्थळ आलं, आणि त्यानं लगेच खऱ्या पाहुण्यांना, कापूरहोळला, फोन लावला. तुम्ही आता येऊ नका, आमचं दुसरीकडं जमलं.

असं माझ्या एका ओटीपीपायी अमोलचं दारात आलेलं स्थळ गेलं. आणि मी भोरात बसून पुढच्या माणसाला पासवर्ड विचारत होते.

बाजाराच्या दिवशी माझ्या खोलीत ही गर्दी. त्यात बबनराव आत आले, नवी टोपी, बरोबर अमोलचे मामा, हातात पेढ्यांचा पुडा. मला वाटलं, रिफंड जमा झाला की काय एवढ्यात? दोघं बाकावर बसले. बबनरावांनी भिंतीवरचा बोर्ड वाचला. मग लॅपटॉप बघितला. मग रांगेतल्या माणसांना बघितलं. एक जण मला विचारत होता, घराचं भाडं दाखवावंच लागेल का.

मामा म्हणाले, "ताई, पुढची बोलणी कधी करायची?"

मी म्हटलं, "बोलणी कसली आता? झालं की सगळं. अमोलला पावती पाठवली."

"पावती?"

"रिटर्नची."

मग मामांनी सांगितलं, उसन्या म्हशी आणि उसना डोंगर धरून, आणि मग मी सांगितलं. रांगेतली माणसं कागद मांडीवर ठेवून ऐकत होती. पेढ्यांचा पुडा टेबलावर, मधोमध.

मला वाटलं, बबनराव ओरडतील. ओरडायला हवं होतं, मी तेच केलं असतं. ते टोपी काढून हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "म्हंजी म्या कापूरव्होळच्यास्नी न्हाई म्हणलो त्ये?"

"बबनराव, चूक माझी आहे. मी आल्या आल्या सांगायला हवं होतं."

"न्हाई मॅडम. आमी तरी कुठं इचारलं? पर दारात आल्याला मानसाला कसं इचारायचं?" मग म्हणाले, "शालनला काय सांगू? ती वळणावरलं गवात काढून आलीया. पोरीला बसाया जागा म्हून."

रांगेतला एक माणूस उठला आणि म्हणाला, मॅडम, मी उद्या येतो. त्याच्यामागून सगळेच उठले.

त्या रात्री जेवताना मी ह्यांना सगळं सांगितलं. हे भाकरी मोडत म्हणाले, "तरीच."

"तरीच काय?"

"गोठ्यात ते मला व्याही म्हणाले होते."

"मग तिथंच सांगितलं का नाहीत?"

"जुलैत मी तुला काही सांगत नाही," हे म्हणाले आणि आमटी घेतली.

दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप लावलं. शेवटची तारीख दोन दिवसांवर असताना. बाहेर पाटी लावली, मॅडम बाहेरगावी. गेलो कापूरहोळला.

आता कापूरहोळचे पाहुणे म्हणजे कोण, हे मामांनी सांगितलं तेव्हाच मी कपाळाला हात लावला होता. शंकरअण्णा गॅरेजवाले. माझेच क्लायंट. हायवेला लागून मोठं गॅरेज, आत ट्रक उभे, हाताखाली मेकॅनिक. आणि दर वर्षी माझ्यासमोर बसून हा माणूस सांगतो, "काय मॅडम, पंक्चरचं दुकान हाय. हवा भरायची, हवा खायाची." दर वर्षी मी त्यांना फैलावर घेते. त्या माणसापुढं मला आज हात जोडायचे होते.

अण्णा तोंड वाकडं करूनच बसले होते. मुलगी स्वाती पलीकडं काउंटरवर स्पेअर पार्टची बिलं करत होती. मी सगळं सांगितलं, म्हशींपासून ओटीपर्यंत. अण्णा हसले नाहीत.

"आमी घर बघायच्या आधीच आमास्नी न्हाई म्हणलं. पोरीच्या नावानं लोकांनी काय समजायचं?"

"म्हणून तर आलेय. त्यांनी तुम्हाला नाही म्हटलंच नाही. मला हो म्हटलं, आणि मी स्थळच नव्हते."

काउंटरवरून खुदकन हसल्याचा आवाज आला. अण्णांनी तिकडं पाहिलं, स्वातीनं बिलात डोकं घातलं.

अण्णा जरा सैल झाले. म्हणाले, "तुमी घर बघितलंय. खरं सांगा, कसं हाय?"

खरं सांगा म्हटल्यावर मी सुरू झाले. म्हटलं, म्हशी दोन आहेत, पाच नाहीत. रस्ता वाईट, रेंज नाही, पावसात एसटीचा भरवसा नाही. डोंगर त्यांचा नाही, भाताची चार खाचरं आणि वरचा थोडा माळ तेवढा त्यांचा. पगार मी सांगणार नाही, तो अमोललाच विचारा, पण कागद त्यानं मला एकही न लपवता दिले. घर सारवलेलं, स्वच्छ. बाप असा की चूक माझी असून त्यानं स्वतःवर घेतली. आणि आई, म्हटलं, आईबद्दल काय सांगू? मग वळणावरच्या गवताचं सांगितलं. 

स्वाती बिलं बाजूला ठेवून ऐकत होती. म्हणाली, "अण्णा, रविवारी जाऊ. मला वळण बघायचंय."

गेले ते. पुढं जमलंही. दिवाळीनंतर लग्न झालं, मी जेवून आले, आणि शालनताईनं मला पहिल्या पंगतीला बसवलं. म्हणजे शेवट गोड झाला, असं तुम्ही म्हणाल आणि चहा संपवून उठाल. पण मी छत्री का धरते, ते अजून सांगायचंय. ते त्याच दिवशी गॅरेजात झालं.

स्वाती चहा सांगायला बाहेर गेली. अण्णांनी खुर्ची जवळ ओढली. आवाज खाली आणून, अगदी माझ्याच पद्धतीनं, चष्म्यावरून बघत विचारलं, "मॅडम, येवढं चांगलं घर हाय म्हणता. मानसं चांगली, पोरगा चांगला. तुमाला पण लेक हाय. तुमी दिली असती का तिथं?"

आमचे हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

आता बघा. नाही म्हणावं, तर त्यांच्या मुलीचं वाटोळं करायला आल्यासारखं होतं. हो म्हणावं, तर खोटं. माझी मुलगी तिथं गेली असती का, हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता. मी शिरा खात होते, तेव्हा शालनताई माझ्या त्याच मुलीसाठी रोज वळणापर्यंत चालायला तयार होती. आणि मी किती सहज म्हणाले होते, ती इकडं कशाला येतेय.

मी पदर सारखा केला. घसा साफ केला. आणि म्हणाले, "माझी मुलगी अजून शिकतेय."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. ती शिकतच होती.

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं आणि त्यांनी मांडीवर थाप मारली.

"बगा मॅडम," ते म्हणाले, "दर जुलैला आमी तुमच्यापुढं बसतो, तवा आमी पण खोटं कुठं बोलतो? आमी बी असंच बोलतो."

गॅरेजातले मेकॅनिक ट्रकखालून हसले. तेच हसू मग हायवेवरून भोरात पोचलं. म्हणून छत्री.

दोन दिवसांनी, शेवटच्या तारखेला, शंकरअण्णा माझ्या खोलीत आले आणि समोर बसले. मी लॅपटॉप उघडला. त्यांनी गॅरेजचा एक आकडा सांगितला, पंक्चरच्या दुकानाचा. मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आणि एकही उलटा प्रश्न न विचारता मी तो आकडा फॉर्ममध्ये टाकला.